गेममधल्या मित्राला दारू सोडल्याचे सांगावे का?

भाऊ, तुम्ही लिहिले आहे की दारू सोडून दोन महिने झाले, गावातले जुने सोबती सगळे पिणारे असल्यामुळे त्यांच्यात बसणे बंद केले, आणि आता रात्री पीक राखायला जागलीवर असताना बीजीएमआय या मोबाईल गेममध्ये ज्यांच्यासोबत खेळता ती तीन मुलेच काय ती बोलायला उरली आहेत. त्यांना ही गोष्ट सांगावी का, आणि वहिनी म्हणतात त्याप्रमाणे हे बाटली सोडून मोबाईल धरणे तर नाही ना, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी वरोरा तालुक्यातला शेतकरी आहे, स्वतः दारूतून बाहेर पडलेला आहे, आणि त्या काळात ज्यांनी मला सांभाळले त्यांत गेममध्ये ओळख झालेला एक मित्र आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिघांना न सांगता एकालाच सांगावे, आणि नुसते सांगून न थांबता, गरज पडेल तेव्हा त्याने नेमके काय करायचे हेही त्याच्याशी बोलून ठरवावे.

तुम्ही जिल्हा रुग्णालयात उपचार घेऊन दारू सोडली, हे उत्तम केले. हे वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र एक गोष्ट आधी सांगणे भाग आहे. जो माणूस रोज भरपूर पितो त्याने एकाएकी दारू बंद केली, तर काही तासांतच हातपाय थरथरणे, घाम, झोप उडणे सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊन, भान हरपून जीवावरही बेतू शकते. तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावा लागतो. मित्राची सोबत उपयोगी पडते ती त्यानंतर, म्हणजे तुम्ही आज ज्या टप्प्यावर आहात तिथे.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. दोन्ही काळ जवळून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की दुकान बंद असल्याचा उपयोग नक्की होतो, परंतु सुटलेल्या माणसापुढे संध्याकाळ तशीच उभी असते. वावरातून यायचे, हातपाय धुवायचे, आणि मग जायचे कुठे? पानठेल्यावर गेले की तीच मंडळी, तेच टोमणे. गावात आपली पूर्ण कुंडली सर्वांना ठाऊक असते. कोणाचे किती कर्ज आहे आणि कोण मागच्या पोळ्याला नालीत पडला होता, हे लहान पोरांनाही माहीत असते, त्यामुळे सोडणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही आणि पुष्कळांना तर तो परत केव्हा प्यायला लागतो याचीच उत्सुकता असते. दूरच्या मित्राला आपला हा इतिहास माहीत नसतो. तो आपल्याला फक्त आजच्या वागण्यावरून ओळखतो, आणि नव्याने उभे राहणाऱ्या माणसाला अशा नजरेची फार गरज असते.

अनोळखी माणसाचा असा आधार ही काही मोबाईलने आणलेली गोष्ट नाही. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन कामानिमित्त ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेले होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते, काम फिसकटले होते, आणि हॉटेलातल्या बारकडे मन ओढ घेत होते. त्यांनी त्या परक्या गावात फोन फिरवायला सुरुवात केली, दारूशी झगडणारा दुसरा कोणी माणूस भेटवून द्या म्हणून. त्यातून त्यांची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही, दारू सोडणाऱ्यांनी बैठकांत एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. तुमच्या मित्राला दारूचा अनुभव नसेल, हा फरक आहेच, आणि म्हणूनच त्या संघटनेच्या बैठकांना तुम्ही जावे असेही मी सुचवीन. मराठीतून त्या होतात, आणि २०२० नंतर फोनवरूनही अनेक बैठकांना बसता येते.

आता तिघांपैकी कोणाला सांगावे, ते पाहू. आधी वय विचारा. या गेममध्ये शाळकरी मुले पुष्कळ असतात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर मोठ्या माणसाच्या दारूचे ओझे टाकणे योग्य नाही, मग तो कितीही समजूतदार वाटो. जो खेळता-खेळता स्वतः पितो, बाटली उघडल्याचा आवाज मायकवर ऐकवतो, त्याला सांगू नका. खरे तर त्याच्यासोबत सध्या खेळूच नका. सामना हरल्यावर जो शिवीगाळ करत नाही, नॉक होऊन म्हणजे मार खाऊन खाली पडलेल्या गड्याला उचलायला जो परत फिरतो, आणि नऊ वाजता येतो म्हणाला की नऊला येतो, असा माणूस निवडा. खेळातून स्वभाव बराच कळतो, पण सगळा कळत नाही, म्हणून पैशाचा व्यवहार मध्ये येऊ देऊ नका. त्याला उसने मागू नका आणि त्याने मागितले तर देऊ नका. सांगतानाही मायक सर्वांसाठी चालू असताना नको, कारण कोण रेकॉर्ड करत असेल याचा नेम नसतो. वेगळा फोन करा.

बोलायचे काय, तर साधे. "मी दारू सोडली आहे, उपचार चालू आहेत, संध्याकाळी कधी कधी तलफ येते. तेव्हा मी तुला फोन करीन. मला समजावू नको, फक्त माझ्याशी बोलत राहा." एवढे पुरे आहे. तलफ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, आणि तेवढा वेळ माणूस बोलण्यात गुंतला की पुष्कळ काम होते. माझ्या त्या मित्राने हे कसे केले ते सांगतो. तो सांगलीकडचा, उसाच्या पट्ट्यातला. एकदा कापूस व्यापाऱ्याला घालून मी रोख चुकारा खिशात घेऊन तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर उभा होतो, काळीपिवळी भरायला अवकाश होता आणि रस्त्याच्या पलीकडे देशीचे दुकान होते. मी त्याला फोन करून एवढेच म्हणालो, की हातात पैसे आहेत आणि समोर दुकान आहे. त्याने उपदेश केला नाही. कापसाला भाव काय लागला, व्यापाऱ्याने कडता किती कापला, हे विचारले, मग आपल्याकडे उसाला तोड कशी मिळत नाही ते सांगत बसला, आणि मधूनमधून "गाडी भरली का?" म्हणत राहिला. गाडी सुटून दुकान मागे पडले, तेव्हाच त्याने फोन ठेवला. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला मी नंतर हे सांगितले, तर तेही म्हणाले की याहून वेगळे काही करायचे नव्हते.

या सोबतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे समजून घ्या. मित्राने औषधाबद्दल दिलेला सल्ला ऐकायचा नाही. "आता बरा झालास, गोळ्या बंद कर" किंवा "एका बिअरने काय होते" असे चांगली माणसेही सहज बोलून जातात. तुम्हाला डॉक्टरांनी डायसल्फिराम हे दारू सुटलेली राहावी म्हणून द्यायचे औषध दिले असेल, तर थोड्याशा दारूनेही उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब खाली जाणे असे गंभीर प्रकार होऊ शकतात. शिवाय मित्र झोपलेला असेल, कामावर असेल, आणि जागलीच्या जागी रेंज जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, हे दोन्ही विनाशुल्क क्रमांक मोबाईलमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा. १४४१६ वर चोवीस तास बोलता येते आणि मराठीतूनही. आणि गावातला एक तरी माणूस, मोठा भाऊ, आशाताई, वारकरी शेजारी, जो अर्ध्या रात्री दारात येऊ शकेल, त्याला विश्वासात घ्या. सांगलीचा मित्र फोनवर बोलू शकतो, पण तुम्हाला गाडीवर घालून दवाखान्यात नेऊ शकत नाही.

वहिनींची काळजी मला खरी वाटते, ती उडवून लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अतिरेकाला आजारांच्या यादीत घेतले आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. तिथे किती तास खेळता याचा हिशेब नाही. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का, घर आणि कामाच्या आधी गेम येऊ लागला आहे का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच आहे का, हे पाहिले जाते, तेही साधारण वर्षभराच्या वागण्यावरून. तुमची निंदणी-फवारणी वेळेवर होत असेल, पोरांशी बोलणे होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मला चिंता वाटते ती झोपेची. दारू सोडल्यावर कित्येक आठवडे झोप कच्ची राहते, आणि थकवा, भूक, राग, एकटेपणा हे चार एकत्र आले की तलफ हमखास उसळते. रानडुकरांमागे रात्र काढून पुन्हा पहाटेपर्यंत खेळलात तर चारही गोष्टी आपण होऊन गोळा कराल. म्हणून खेळायची वेळ संध्याकाळची ठेवा, ज्या वेळी पूर्वी पाय दुकानाकडे वळत होते तीच. मित्रांना ती वेळ जमत नसेल तर एखादाच सामना खेळा, पण तेव्हा खेळा. पैसे लावून खेळण्याचे ॲप मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. २०२५ च्या कायद्याने ते देशभर बंद झाले आहेत, तरी चोरवाटेच्या लिंक फिरत असतात.

मित्राची आणि वहिनींची एकदा फोनवर ओळख करून द्या. घरातल्या माणसाला हेडफोनमधला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त पाठ फिरवून बसलेला नवरा दिसतो. नॉर्वेच्या मॅट्स स्टीन या तरुणाचे असेच झाले. स्नायूंच्या आजाराने जखडलेला हा मुलगा तासन्‌तास गेममध्ये असे, आणि तो एकटा आहे या दुःखात आईवडील होते. २०१४ मध्ये तो गेल्यावर गेममधल्या मित्रांची पत्रे आली, त्याने कोणाकोणाला कसा धीर दिला ते कळले, आणि त्यांतले काही जण अंत्यसंस्कारालाही आले. त्या आईवडिलांना हे आधी कळायला हवे होते, असे मला फार वाटते. वहिनींना आजच कळू द्या.

पोळा तोंडावर आला आहे, म्हणून शेवटी त्याचे. पोळ्याच्या दिवशी बैल सजवणे, तोरणाखाली नेणे, घरोघरी ओवाळणे यात दिवस निघून जातो. अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची कर, जेव्हा मटण, पत्ते आणि दारू यांखेरीज गावाला दुसरे काम नसते. त्या दिवशी दुपारनंतर गावात थांबू नका. वहिनींना आणि पोरांना घेऊन सासुरवाडीला जा, तिथेही पिणारे असतील तर वणीला एखाद्या नातेवाइकाकडे जा. मित्राला आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या चार ते नऊ फोन येऊ शकतो, आणि फोन नाही आला तर नऊ वाजता त्याने आपण होऊन करावा. चार्जर सोबत घ्या, आणि गोळ्या विसरू नका.