पेशंटला काय हवंय ते आधी विचार

फिजिओथेरपीत नवीन आहेस म्हणून सांगते, गुडघा बदललेला पेशंट आला की लगेच गोनिओमीटर (सांधा किती वाकतो ते मोजायची पट्टी) काढू नकोस, आधी समोर बस आणि विचार की घरी नक्की काय अडतंय. सपाट चालायला ६०-७० डिग्री वाकणं पुरतं, जिन्याला साधारण ९० ते १०० लागतं, त्यामुळे लिफ्टवाल्या सोसायटीतल्या काकूंचं आणि सदाशिव पेठेत वाड्याचा उभा लाकडी जिना चढणाऱ्या आजींचं टार्गेट एकच कसं असेल? आजी म्हणाल्या मांडी घालून पूजेला बसायचंय तर पटकन नाही म्हणू नकोस गं, सर्जनला विचार, आणि मांडी महत्त्वाची की पूजा ते त्यांनाच विचार, बऱ्याचदा देव उंच टेबलावर ठेवून खुर्चीत बसलं तरी त्यांना चालतं.

स्ट्रोकमध्ये (पक्षाघातात) तर जास्तच जपायला लागतं. मुलगा म्हणतो बाबांना आधी चालतं करा, आणि बाबांना स्वतःच्या हाताने वरणभात खायचा असतो. बोलता येत नसेल तर चित्रं दाखव, हो-नाहीचे प्रश्न विचार, थांब जरा, उत्तर त्यांच्याकडूनच येऊ दे, मुलाशी नंतर बोल.

आणि पेशंटला काय हवंय ते त्यांच्याच शब्दात फाइलवर लिही. गोल अटेनमेंट स्केल वापर, म्हणजे ठरवलेलं ध्येय (गोल) किती गाठलं त्याचे गुण, -२ ते +२: ठरवलेलं जमलं की ०, कमी जमलं की उणे, जास्त जमलं की अधिक. दर रिव्ह्यूला परत विचार, कारण घरी गेल्यावर गोल बदलतात आणि बदलू द्यावेत.