‘आम्ही इथले नाही हो, भाड्याने राहतो’

लालबाग, काळाचौकी, शिवडी, परळ या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची एक तक्रार आता मला पाठ झाली आहे. नवा टॉवर, हवेशीर फ्लॅट, ऑफिस जवळ, शाळा जवळ, तरी मन लागत नाही. रात्री झोप मोडते, बारीकसारीक गोष्टींवरून घरात वाजतं. आणि त्यावरचा उपायही त्यांनीच ठरवून आणलेला असतो: ‘स्वतःचं घर झालं की सगळं ठीक होईल.’ मुंबईतले फ्लॅटचे भाव पाहता हे औषध बहुतेकांना इतक्यात परवडणारं नाही. मग तोवर काय करायचं? एका अनुभवातून सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेघना मूळची सांगलीची, वय पस्तिशीच्या आसपास. नोकरी लोअर परळला, मुलगा पहिलीत. जुन्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत हे कुटुंब भाड्याने राहायला आलं होतं. कंपाउंड एक, विंग दोन. मागची पुनर्वसनाची, चाळीतल्या जुन्या रहिवाशांची, पुढची विक्रीची. पुढच्या विंगमध्ये ११ महिन्यांच्या करारावर यांचा टू-बीएचके.

‘‘मॅडम, मालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा आहे. पाणी जाणार हे आम्हाला नळ कोरडा पडल्यावर कळतं. मागच्या विंगमधल्या बायका आम्हाला टॉवरवाल्या म्हणतात आणि टॉवरवाले भाडेकरू म्हणतात. मुलगा भिंतीवर चित्र चिकटवायच्या आधी विचारतो, अंकल रागावतील का? म्हणजे घरमालक!’’

अशा वेळी मी आधी निवड करते. कागदाने सुटणाऱ्या चिंता एकीकडे, मनाच्या चिंता दुसरीकडे. कागदाने सुटणाऱ्या गोष्टीवर समुपदेशन करत बसणं म्हणजे क्लायंटचे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. मेघनाला मी करार घेऊन यायला सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ११ महिने हा रिवाज आहे, सक्ती नाही. नोंदणी करायचीच आहे तर २४ किंवा ३६ महिन्यांचं बोलून पाहायला काय हरकत आहे? घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते मालकाच्या बिलात लागतं आणि सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तेव्हा सोसायटीने भाडेकरूवर उपकार केल्यासारखं कुणी वागत असेल तर मान खाली घालू नये. मुदत संपूनही ताबा सोडला नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट भरावं लागू शकतं. म्हणून बोलणी शेवटच्या आठवड्यात नाही, तीन महिने आधी करायची. पाण्याचे निरोप मिळावेत म्हणून सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्यायला सांगितलं. तो प्रश्न तिथे संपला.

उरलं मन. मी आल्फ्रेड ॲडलरच्या वळणाची आहे. (माझ्या विद्यार्थिनी म्हणतात, ताईंना सर्दी झाली तरी त्या ॲडलर काढतील.) व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ पेशंटला एक साधा प्रश्न विचारायचा: तुम्ही बरे झालात तर काय कराल? उत्तरात माणूस नकळत सांगून जातो की दुखण्याच्या आडून तो काय टाळतो आहे. इतक्या वर्षांत या प्रश्नाने मला क्वचितच दगा दिला आहे.

मी विचारलं, ‘‘समजा, उद्या सकाळी हा फ्लॅट तुमच्या नावावर झाला. दिवसभरात काय कराल?’’

मला वाटलं, पडदे, कपाटं, रंग असं काही येईल. ती म्हणाली, ‘‘समोरच्या काकूंना चहाला बोलवीन. आणि वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, करीन. आई सांगलीहून पाठवते दर उन्हाळ्यात. इथे कधी केलीच नाही.’’

‘‘चटणी करायला सातबारा लागतो?’’

ती चिडली. ‘‘तुम्हाला नाही कळायचं. तुमचं दादरला स्वतःचं घर आहे.’’

मी गप्प राहिले. नवख्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते, इथे समजूत घालायला धावू नका. बऱ्याच वेळाने ती बोलली, पण सूर वेगळा होता. ‘‘ठाण्याला होतो ना आधी, तिथे शेजारीण बहिणीसारखी होती. माझा मुलगा तिच्याकडेच जेवायचा. मालकाने घर विकलं, आम्ही निघालो. पोरगं महिनाभर तिचं नाव घेऊन रडायचं. पुन्हा नको मॅडम. ओळखी करायच्या आणि सोडून जायचं.’’

गाठ इथे होती. मेघनाला कुणी दूर ठेवलं नव्हतं. पुढच्या वेळी निघताना दुखू नये, म्हणून तीच आधीपासून अंतर राखून होती. कुणी ‘कुठे राहता?’ विचारलं की तिचं पहिलं वाक्य असायचं, ‘आम्ही इथले नाही हो, भाड्याने राहतो.’ समोरच्याने पुढे काही बोलायच्या आत दार बंद. मालकीचा कागद हे कारण नव्हतं, तो एक सोयीचा आडोसा होता. हे एकदा दिसलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं खोलीत बसून होत नाही.

मी तिला काम दिलं: चटणी करायची, लालबागलाच. एप्रिलमध्ये ती मिरची गल्लीत गेली. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, धणे, खसखस, दगडफूल, सगळं आईला फोनवर विचारून घेतलं, घरी भाजलं आणि डबे घेऊन मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावला. तिथे सुटका नसते. डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर आणि पुढे तीन जणी. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, ‘‘खंयची गो तू?’’ सवयीने मेघना म्हणाली, ‘‘समोरच्याच बिल्डिंगमध्ये, पण भाड्याने हो.’’

आजी त्याच कंपाउंडमधल्या, मागच्या विंगच्या. त्या हसल्या. ‘‘मग आमी कोण होतो गो? सासरे भाडेकरू, घोव भाडेकरू. पावती सासऱ्यांच्या नावावर. मालकाचं तोंड मी दोनदा बघितलं असेन.’’

मेघनाने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज उंचावला होता. ‘‘मॅडम, ज्यांना मी इथले म्हणत होते, ते सगळे भाडेकरूच होते!’’

हे मी तिला पहिल्या दिवशी सांगू शकले असते. गिरणगाव उभं राहिलं तेच भाड्याच्या खोल्यांत. कोकणातून, साताऱ्यातून आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे, बायकामुलं गावी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, पण मालकी कुणाला आली नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरण्याच गेल्या, पुढे त्यांच्या जमिनींवर टॉवर आले. तरी लालबाग ‘त्यांचं’ राहिलं, कारण मंडळाची वर्गणी, भजन, मयताला खांदा, शेजारचं पोर सांभाळणं हे त्यांनी कागदाची वाट न पाहता केलं. ॲडलर हेच म्हणतो: आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागलो की जागा आपली होते. पण मी सांगण्यात आणि डंकावर आजींनी सांगण्यात फरक आहे. तो फरक ओळखून थांबता येणं, यालाच मी अनुभव म्हणते.

तेव्हा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना माझं सांगणं असं. ‘घर झाल्यावर करू’ म्हणून जे जे मागे ठेवलं आहे, त्यातलं खरोखर मालकी लागणारं किती, ते एकदा पाहा. फार थोडं निघतं. चिकटपट्टीने रंग उडेल तो उडू दे, डिपॉझिटमधून जे कापतील ते कापतील, पण मुलाच्या चित्राला मालकाची परवानगी लावू नका. आणि निघताना दुखेल का? दुखेल. ठाण्याच्या शेजारणीला मेघनाने त्यानंतर फोन केला, मुलाशी बोलणं करून दिलं. सोडून आलेलं सगळंच सुटत नसतं.

करार पुढे २४ महिन्यांचा झाला, भाडं वाढवूनच. मेघना आता येत नाही. तिचा नवरा येतो. गावी प्रत्येक लग्नात त्याला कुणीतरी विचारतं, ‘मुंबईत घर घेतलंस का?’ त्याने हप्त्यांचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. तो मी सीएकडे न्यायला सांगितला. त्यालाही तोच प्रश्न विचारला: समजा, घर झालं. उद्या काय कराल?

‘‘झोपेन,’’ तो म्हणाला. त्यावर आमचं काम चालू आहे.