चाल टाकू नकोस

प्रिय मित्रा,

बँडमधल्या दोघांनी नाक मुरडलं म्हणून तू अख्खं प्रेमगीत पुसून टाकायला निघालास? त्यांनी नापास केला तो ठेका. चालीबद्दल काही म्हणाले का? विचार आधी.

‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’ हे गाणंसुद्धा आधी बोसा नोव्हा या ब्राझिली संगीतप्रकाराच्या ठेक्यावर बसवलं होतं. ते करणाऱ्या टेनसीसी या ब्रिटिश बँडमध्येच ते काहींना रुचलं नाही, टेप पुसली. पण इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत लोक चाल गुणगुणत राहिले. मग बँडमधल्या केव्हिन गॉडलीनेच, ज्याला ते अजिबात आवडलं नव्हतं, सुचवलं की सगळं आवाजांनी भरू. पेहराव बदलला, चाल तीच.

आवाज कसे भरले ते नीट वाच, कारण तू इथेच चुकणार आहेस. तिघांनी मिळून एकेक स्वर ‘आ’कारात 16 वेळा गायला, म्हणजे 48 आवाज. असे 13 स्वर: 624. प्रत्येक स्वराची सुमारे 12 फुटांची टेप टोकाला टोक जोडून गोल फिरवली (हाच लूप), म्हणजे श्वासासाठी सूर तुटायला नको. मग मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, वर-खाली करत त्यातून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवले. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे मागे सगळे स्वर सतत हलके घुमत राहतात.

तू काय करशील? एकदा गाशील आणि पंधरा वेळा कॉपी-पेस्ट. त्याने आवाज मोठा होतो, दाट होत नाही. दाटपणा येतो तो दर वेळी सूर किंचित सरकतो म्हणून. तेव्हा सोळाही वेळा गा, आणि नंतर सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनने सगळ्यांना एका रेषेत उभं करू नकोस. लूपसाठी मधला स्थिर भाग घे, सांध्यावर क्रॉसफेड दे, म्हणजे एक टोक विरत असतानाच दुसरं चढू दे. नाहीतर दर फेरीला उचकी लागेल. ठेक्याला काय होतं? मूग सिंथेसायझरवरचा, छातीच्या ठोक्यासारखा मंद ठोका. बस.

शब्दही तसेच. ‘प्रेम आहे’ असं तू फारसं म्हणत नाहीस, ही टेनसीसीच्या एरिक स्टुअर्टच्या बायकोची तक्रार. त्याने गाण्यात प्रेम साफ नाकारलं, आणि मागचे आवाज त्याला खोटं पाडतात. तुझ्या मुखड्यात तो शब्द चारदा आहे. तीन काढ.

त्यांच्या अल्बममधून आधी दुसरंच गाणं सिंगल (एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड) म्हणून निघालं होतं, बरं का. हे सहा मिनिटांचं गाणं नंतर आलं आणि 1975च्या जूनअखेरीपासून ब्रिटनमध्ये दोन आठवडे विक्रीच्या यादीत पहिलं राहिलं; अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

उद्या ड्रम म्यूट कर, नुसत्या पियानोवर चाल त्या दोघांना ऐकव. दोन दिवसांनी त्यांच्यापैकी कुणी ती गुणगुणतंय का, तेवढं कळव.