फिगर स्केटिंगच्या प्री-प्रिलिमिनरी टेस्टसाठी मुलीचा कशावर सराव घ्यावा?

दोन महिन्यांवर टेस्ट आलीय आणि लेकीला उड्या नि स्पिन सोडून काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे डिट्टो हेच होतं. अमेरिकेतल्या या 'स्केटिंग स्किल्स' टेस्टमध्ये उडी एकही नाही, स्पिनही नाही. रिंकच्या कडेने स्ट्रोकिंग (एकेका पायाने ढकलत सरकणं), एजेस (पात्याच्या धारेवर वळणं घेणं), दोन्ही पायांवर स्पायरल (एक पाय मागे उचलून दुसऱ्यावर सरकणं) आणि वॉल्ट्झ एट, बस्स.

निम्मा वेळ एजेसना द्या. पात्याला दोन धारा असतात, मध्ये खोलगट पन्हळ. हॉकीची एखादी रेघ धरून अर्धवर्तुळं काढायची: पुढे जाताना बाहेरच्या धारेवर, मग आतल्या, मग तेच मागे जाताना. एक झालं की तिला थांबवून बर्फाकडे बघायला सांगा. एकच बारीक रेघ उमटली तर ती धारेवर होती. रुळांसारख्या जोडरेघा दिसल्या तर पातं सपाट पडलं. झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) नुकतीच फिरून गेलेली असली की हे लख्ख दिसतं, म्हणून आम्ही पहाटेचं पहिलं सेशन धरायचो.

माझी मुलगी पहिल्या खेपेला 'रिट्राय' घेऊन आली. (कागदावर 'नापास' लिहीत नाहीत, पण गाडीत रडारड व्हायची ती झालीच.) अडलं बॅक इनसाइडवर, म्हणजे मागे जाताना आतल्या धारेवर. खांदे घाईने फिरवायची, त्यामुळे अर्धवर्तुळ रेघेपर्यंत पोचायच्या आतच गुंडाळलं जायचं. मग घरी मोजे घालून फरशीच्या सांध्यावर उभं राहायचं आणि फक्त हात-खांदे सावकाश वळवायचे, असं रोज रात्री चालायचं.

स्ट्रोकिंगमध्ये खर्र आवाज आला की समजा, ती टो-पिकने, म्हणजे पात्याच्या पुढच्या दातांनी, ढकलतेय. पात्याच्या बाजूने ढकलायला हवं. स्पायरलला मागचा पाय कमरेइतका वर, साधारण 4 सेकंद. सुरुवात कच्च्या पायाने करा.

वॉल्ट्झ एटला पालक उगाच घाबरतात. दोन वर्तुळांचा इंग्रजी आठ, प्रत्येक वर्तुळाचे तीन भाग, पहिल्या भागात थ्री-टर्न (त्याच पायावर गिरकी घेऊन पुढून मागे वळणं). वर्तुळं सारखी आली पाहिजेत आणि मध्यावर जुळली पाहिजेत. बर्फावर कोरायच्या ज्या आकृत्यांवरून, म्हणजे फिगर्सवरून, या खेळाला नाव पडलं, त्या 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या; त्यांचा हा उरलेला तुकडा मला तरी सगळ्यात देखणा वाटतो.

आणि पात्यांना धार लावायची असेल तर आठवडाभर आधी लावून घ्या. ताज्या धारेवर आमची लेक दोन दिवस अडखळायची.