ट्रेडमिलवर धावायला शिकताना स्पीड किती ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की जिममधले सगळे 8-9 वर (म्हणजे ताशी 8-9 किलोमीटर) पळतात, तुम्हाला मात्र 8 वर दोन मिनिटांत धाप लागते, मग सुरुवात कितीवर करायची? 8 वरून खाली या. तो आकडा तुमचा नाही. कुणी तो तुमच्यावर लादला असेल, तर त्याला तसं तोंडावर सांगा.

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. उंची पाच फूट, वय पन्नाशीच्या जवळ. पावसाळ्यात रस्त्यावर पळणं जमत नाही म्हणून जिम लावली. तिथला ट्रेनर सहा फुटांच्या वर, तरुण, मेहनती मुलगा. पण त्याचा एकच हेका : ‘मॅडम, आठच्या खाली रनिंग नसतंच, ते वॉकिंग.’ एकदा मी 7 वर छान लयीत धावत होते. हा आला आणि माझ्या चालू मशीनचं प्लसचं बटण दाबून धरलं. आकडा 8.5 वर गेला. मी दांडी पकडली, लाल बटण दाबलं आणि उतरले. ‘तुम्हाला पुश करत होतो,’ म्हणाला. पट्ट्यावर माणूस असताना त्याच्या मशीनला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. आजही सांगेन.

दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन गेले.

चालताना जमिनीवरचा पाय जवळजवळ सरळ राहतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीसारखं पुढे जातं. त्या कमानीवर आपल्याला धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. वेग वाढत गेला की ते पुरेनासं होतं, चालणं अवघड होतं आणि शरीर आपोआप धावायला लागतं. हे कुठल्या वेगाला होणार ते पायाच्या लांबीवर ठरतं. वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरण आणि पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचं. याला फ्राउड अंक म्हणतात. विल्यम फ्राउड हा एकोणिसाव्या शतकातला जहाजांचा इंजिनिअर, त्याच्या नावावरून. हे उत्तर 0.5 च्या आसपास आलं की माणसं चालणं सोडून धावू लागतात. माझा पाय खुब्यापासून जमिनीपर्यंत 78 सेंटीमीटर भरला, म्हणजे ताशी साधारण 7 किलोमीटर. ट्रेनरचा भरला 95, म्हणजे जवळजवळ 7.8. डाएटच्या सूचना लिहायच्या फळ्यावर मी हे गणित मांडलं, मग त्याला मशीनवर चढवलं आणि सांगितलं, चालत राहा, स्पीड 0.1 ने वाढवत जा, पाय जेव्हा स्वतःहून पळायला लागतील तेव्हा थांब. 7.6 ला तो पळायला लागला. तो सगळ्या जिमला सांगत होता तो ‘आठचा नियम’ त्याच्या स्वतःच्या पायांचा होता! तिथे येणाऱ्या निम्म्या बायका त्याच्यापेक्षा फूटभर बुटक्या.

तुम्हीही हेच करून बघा. पाच मिनिटं 4.5-5 वर चाला, मग 0.1 ने वाढवत जा. कुठेतरी 6.5 ते 7.8 च्या मध्ये चालणं ओढाताणीचं होईल आणि जॉगिंग सोपं वाटेल. तो तुमचा आकडा. फार तर त्यावर 0.2-0.3. त्या वेगाने एक मिनिट धावा, मग दीड मिनिट 4.5 वर चाला, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. नवशिक्यांना पाच किलोमीटर धावायला शिकवणाऱ्या काउच टू फाइव्ह के या नऊ आठवड्यांच्या प्रसिद्ध कार्यक्रमाचा पहिला आठवडा साधारण असाच आहे. पुढे वाढवायची ती धावायची मिनिटं. वेगाला हात लावू नका, सलग वीस मिनिटं धावता येईपर्यंत तर नाहीच. धावताना मोठ्याने सतराचा पाढा म्हणून बघा. सतरा पाचे पंच्याऐंशीला अडखळलात तर स्पीड जास्त आहे. दांडी धरल्याशिवाय जमत नसेल तरी जास्तच आहे.

‘कमी स्पीड म्हणजे व्यायामच नाही’ म्हणणाऱ्यांनी टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट आठवावी. हृदयाची ती तपासणी बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉलने होते : पहिला टप्पा 2.7 किलोमीटर वेग आणि 10 टक्के चढ, दुसरा 4 किलोमीटर आणि 12 टक्के, तिसरा साडेपाचच्या आत आणि 14 टक्के. धडधाकट माणसंसुद्धा तिसऱ्या टप्प्यात घाम पुसतात, आणि तोवर कुणी 8 पाहिलेलाही नसतो.

आता माझे दीर. ते साताऱ्याला असतात, यवतेश्वरचा घाट पळत चढतात, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण दर दिवाळीला त्यांचं वाक्य ठरलेलं : ‘वहिनी, ट्रेडमिलवर पट्टाच पळतो, तुम्ही नुसत्या उड्या मारता.’ भाऊजी, हे चूक आहे. पट्टा स्थिर वेगाने फिरत असेल तर पट्ट्याच्या दृष्टीने मी तितक्याच वेगाने पुढे जात असते. पायांना, स्नायूंना फरक कळत नाही. धावत्या रेल्वेच्या डब्यात चालायला वेगळे पाय लागतात का? खरा फरक समोरच्या हवेचा, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 7 वर तो नगण्य. त्यामुळे ‘रस्त्यासारखं व्हायला 1 टक्का चढ ठेवाच’ हा सल्लाही नवशिक्याला लागू नाही, तो जोरात पळणाऱ्यांसाठी आहे. चढ शून्यावर ठेवा. उतार आणि खड्डे मशीनवर नसतात, तेवढं भाऊजींचं मी मान्य करते.

काही गोष्टी राहिल्या. छातीत दडपण, चक्कर किंवा गुडघ्यात टोचणारी कळ आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. चाळिशी उलटली असेल, शुगर किंवा बीपी असेल, तर सुरू करण्याआधीच दाखवा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, ती गोळी ठोके वाढू देत नाही. पाढ्यावरच जा. लाल दोरीची क्लिप (पडलात तर मशीन थांबवणारी) कपड्याला लावा, जिममध्ये कुणी लावत नसलं तरी. गणिताचा आकडाही अंदाजाचा आहे, वजन आणि सवय यांनी तो थोडा इकडेतिकडे होतो. दोन मशीनचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून मशीन बदललं की परत 0.1 ने वाढवत बघा. आणि स्क्रीनवर किलोमीटर आहेत की मैल तेही तपासा. मैलांच्या मशीनवर 5 म्हणजे आपले 8 होतात.