थकबाकीच्या नोटिसा एकगठ्ठा काढायच्या तर आधी शीट सुधारा, मग वर्ड की पायथन ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेत सहाशे-सातशे थकीत कर्जखाती, प्रत्येक खात्याला एक कर्जदार आणि दोन जामीनदार, तिघांनाही वेगळी नोटीस. मागच्या खेपेला वर्डच्या मेल मर्जने (शीटमधली नावं-आकडे साच्यात आपोआप भरणारी सोय) काढलेल्या नोटिसांवर तारीख महिना-दिवस अशी उलटी आली, रकमेमागे दशांशांची शेपटी लागली आणि काही जणांचे घर क्रमांक कोरेच गेले. आता साहेबांचं म्हणणं, ‘पायथनमध्ये करून टाका,’ म्हणजे त्या भाषेत प्रोग्राम लिहून. करावं का?

करायला हरकत नाही. पण या तिन्ही भानगडींचं मूळ एक्सेलमध्ये आहे. शीट तशीच ठेवून पायथन आणलं तर त्याच चुका जास्त वेगाने छापून होतील.

वर्ड एक्सेलमधला आकडा ‘दिसतो तसा’ उचलत नाही, ‘साठवलाय तसा’ उचलतं. शीटवर तुम्हाला ४५,२३०.३७ दिसतं, ते केवळ सेलचं फॉरमॅटिंग. आत ती द्विमान (शून्य-एकच्या) अपूर्णांकात ठेवलेली संख्या असते आणि वर्डमध्ये ती ४५२३०.३७०००००००००३ अशी उतरू शकते. तारखेचंही तेच. घर क्रमांकांची गोष्ट मात्र वेगळी. एक्सेल आणि वर्डच्या मधला ड्रायव्हर, म्हणजे डेटा पोचवणारा दुवा, स्तंभाच्या सुरुवातीच्या काही ओळी, साधारण आठ, बघून तो आकड्यांचा की मजकुराचा हे ठरवतो. पहिल्या ओळींत १४, २७, १०३ असं असलं की पूर्ण स्तंभ आकड्यांचा समजला जातो, आणि पुढे कुठे ‘१४/ब’ आलं की तिथे रिकामी जागा किंवा शून्य. कुठेही इशारा नाही, सूचना नाही.

यावर वर्डमध्ये उपाय आहेत. ऑल्ट आणि एफ-९ दाबून फील्ड, म्हणजे डेटा भरायची जागा, उघडायचं आणि आत तारखेचा, रकमेचा नमुना लिहायचा. तारखेत महिन्यासाठी कॅपिटल एम लागतो, लहान एम लिहिला तर वर्ड त्याला मिनिटं समजतं. मी हे करत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या हातात तो साचा गेला की त्यातल्या खाणाखुणा कुणाला कळत नाहीत, आणि मसुदा बदलताना हमखास पुसल्या जातात.

त्यापेक्षा त्याच वर्कबुकमध्ये ‘छपाई’ नावाची वेगळी शीट करा. मूळ शीटला हात लावायचा नाही. छपाई शीटमधला प्रत्येक स्तंभ मजकूर असला पाहिजे, अगदी रक्कम आणि तारीखसुद्धा. टेक्स्ट फंक्शनने तारीख ‘३१/०३/२०२५’ अशी आणि रक्कम स्वल्पविरामासकट, कागदावर हवी तशीच तयार करा. लाख-कोटींचे स्वल्पविराम विंडोजच्या रीजन सेटिंगवर अवलंबून असतात. तुमच्या मशीनवर भारत असेल आणि शाखेतल्या मशीनवर अमेरिका, तर तीच फाइल तिथे वेगळं दाखवेल. म्हणून सूत्रं झाली की सगळी शीट कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून चिकटवा. आता तिथे गोठलेला मजकूर आहे, तो वर्डला द्या नाहीतर पायथनला.

मूळ डेटा भरतानाचं एक दुखणं आपल्याकडे जास्त आहे. गट नंबर ५/२ टाइप केला की एक्सेल त्याचा ५ फेब्रुवारी करून टाकतं. मग घाईघाईने स्तंभ टेक्स्ट केला की तिथे पाच आकडी संख्या उरते. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे नीट सांभाळतं. म्हणून स्तंभ आधी टेक्स्ट करायचा आणि मग भरायचा. संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची फाइल) निघत असेल तर तिच्यावर डबल क्लिक करू नका. डेटा मेनूतून आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि असे स्तंभ तिथेच टेक्स्ट करून घ्या. नावं श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रूपांतर करणारी साधनं तिथेच चकतात.

आता ओळींची रचना, कारण तुमचा खरा गुंता इथे आहे. तुमच्या शीटमध्ये एका खात्याला एक ओळ आहे आणि जामीनदार-१, जामीनदार-२ असे स्तंभ आहेत. छपाई शीटमध्ये एका नोटिशीला एक ओळ हवी. म्हणजे एका खात्याच्या तीन ओळी: पत्र कुणाला, त्याचा पत्ता, त्याची भूमिका, आणि तिन्हींत सारखं असणारं कर्जदाराचं नाव, खाते क्रमांक, येणे रक्कम. एका जामीनदाराच्या पाकिटात दुसऱ्याच कर्जदाराची नोटीस जाते ती बहुतेक स्तंभ हाताने कॉपी-पेस्ट करताना. तेव्हा या ओळी खाते क्रमांकावर लूकअप (क्रमांक शोधून त्याची माहिती आणणारं सूत्र) लावून तयार करा. नावावर कधीही नाही, एका गावात त्याच नावाचे दोन पाटील निघतातच.

मसुदे दोन ठेवा, कर्जदाराचा एक आणि जामीनदाराचा एक. एकाच साच्यात ‘जर जामीनदार असेल तर’ अशा अटी घालायचा मोह होतो, पण मग वकिलांना दाखवायला स्वच्छ कागद राहत नाही.

मसुद्याची भाषा ठरवताना रिकाम्या जागेला विभक्ती चिकटणार नाही असं बघा. ‘पुणे’ला ‘त’ जोडला की ‘पुण्यात’ होतं, सांगलीचं ‘सांगलीत’, आणि हे मशीनला येत नाही. म्हणून ‘मौजे अमुक येथील’, ‘श्री. अमुक यांना’, ‘दि. अमुक रोजी’, ‘अमुक अखेर’. सरकारी मराठीला आपण एरवी नावं ठेवतो, पण या कामाला तिच्याइतकी सोयीची भाषा नाही. लिंगाचंही असंच. ‘आपण जामीन राहिला आहात’ लिहिलंत तर बाईंच्या नोटिशीत ‘राहिल्या’ करावं लागेल. ‘आपण सदर कर्जास जामीन दिलेला आहे’ असं लिहा, क्रियापद जामिनाकडे जातं आणि प्रश्नच मिटतो. अक्षरी रकमेसाठी शून्य ते नव्याण्णवचा तक्ता वेगळ्या शीटवर हाताने भरा. मराठीत ते सगळे शब्द पाठच करावे लागतात, नियमाने निघत नाहीत. वर कोटी, लाख, हजार, शे. नुसते १०० असतील तर ‘शंभर’ आणि १०१ ला ‘एकशे एक’, एवढा अपवाद सूत्रात घाला.

एवढं झालं की तुमच्या कामाला वर्ड पुरतं. थेट प्रिंटरला पाठवू नका, आधी एकत्र डॉक्युमेंट काढा. नोटीस दोन पानी असेल तर एका जागी लक्ष ठेवा: तळाला ‘पृष्ठ २ पैकी १’ हवं असतं आणि छापलं जातं ‘३८०० पैकी १’, कारण नमपेजेस (NUMPAGES) हे फील्ड सगळ्या गठ्ठ्याची पानं मोजतं. तिथे सेक्शनपेजेस (SECTIONPAGES) टाका, कारण गठ्ठ्यात प्रत्येक नोटीस वेगळं सेक्शन असते, आणि पृष्ठ क्रमांक प्रत्येक सेक्शनला १ पासून सुरू करा. प्रत्येक नोटिशीची वेगळी फाइल हवी असेल तर लिबरऑफिस रायटरच्या मेल मर्जमध्ये तशी सोय आहे, त्यासाठी प्रोग्राम लिहायची गरज नाही.

पायथनची गरज एका ठिकाणी खरी लागते: एकच माणूस चार कर्जांना जामीन आहे आणि त्याला एकाच पत्रात चार ओळींचा तक्ता द्यायचाय. वर्डचं मेल मर्ज तिथे हात टेकतं. त्यासाठी डॉक्सटीपीएल (docxtpl) ही वर्डचे साचे भरणारी पायथन लायब्ररी घ्या, त्यात तक्त्याच्या ओळी लूपमध्ये काढता येतात. नुसतं पायथन-डॉक्स (python-docx, वर्ड फाइल हाताळणारी लायब्ररी) घेऊन शोधा-आणि-बदला करू नका. डॉक्स फाइल म्हणजे एक्सएमएलची झिप, आणि तुम्ही सलग टाइप केलेला शब्द आत दोन-तीन तुकड्यांत विभागलेला असू शकतो. मध्ये एखादं अक्षर सुधारलं, स्पेलचेकने लाल रेघ ओढली, एवढं पुरतं. मग भरायच्या जागांच्या काही खुणा बदलतात, काही तशाच छापून येतात.

देवनागरीचा सापळा आणखी वेगळा. पायथन-डॉक्समध्ये फॉन्ट आणि आकार दिला तरी मराठी मजकूर हलत नाही, फक्त रोमन अक्षरं बदलतात. वर्ड देवनागरीसाठी फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वेगळ्या, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खात्यात ठेवतं. सोपा मार्ग म्हणजे सगळी सजावट साच्यात वर्डमधूनच करायची आणि कोडमधून फक्त मजकूर भरायचा. व्यापारी कर्जदारांच्या नावांत ‘&’ चिन्ह असेल तर डॉक्सटीपीएलमध्ये ऑटोएस्केप (अशी खास चिन्हं सुरक्षित करणारी सोय) चालू करा, नाहीतर फाइल बिघडते किंवा नाव अर्धवट येतं. पीडीएफ लिनक्सवर करणार असाल तर तिथे मंगल फॉन्ट नसतो. साचाच नोटो सॅन्स देवनागरीत बनवा, म्हणजे सहीची ओळ पुढच्या पानावर उडी मारणार नाही.

सगळा गठ्ठा काढण्याआधी मुद्दाम वाईट ओळी निवडून चाचणी घ्या: सगळ्यात लांब नाव, सगळ्यात लांब पत्ता, वडिलांचं नाव नसलेला, एक कोटीच्या वरचा, एकच जामीनदार असलेला. पहिल्या पाच ओळी बघून समाधान मानू नका, त्या नेहमी चांगल्याच असतात. मग ताळा घ्या. कर्जदारांच्या ओळींची बेरीज थकबाकी यादीच्या बेरजेशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे, आणि नोटिसांची संख्या ओळींच्या संख्येशी.

जावक क्रमांकही छपाईआधी शीटमध्येच द्या आणि फाइलचं नाव त्यावरूनच ठेवा. मात्र त्यात तिरकी रेघ नको, विंडोज ती फाइलच्या नावात घेत नाही. त्याच शीटमधून जावक नोंदवहीची पानं निघतात, पोस्टाच्या पोचपावतीसाठी एक रिकामा स्तंभ ठेवता येतो, आणि पाकिटांवरची लेबलंही त्याच क्रमाने निघतात. लेबलांच्या साच्यात पहिली चौकट सोडून बाकी प्रत्येक चौकटीत ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ लागतो. तो राहिला की पानभर एकाच माणसाचा पत्ता.