तिसऱ्या पाळीची झोप: वाचकांचे प्रश्न

रात्रपाळी पूर्वी कारखाना, दवाखाना, रेल्वे आणि राखणदारी एवढ्यांपुरती होती. आता कॉल सेंटर, पार्सलची गोदामं आणि चोवीस तास उघडी दुकानंही त्यात आली. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस उघडं राहायची मुभा दिली. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

चाकणला कारखान्यात आहे. आठवड्याला पाळी बदलते: पहिली, मग तिसरी, मग दुसरी. तिसरी सकाळी ६ ला सुटते. घरी येऊन पडलो की झोप लागते, पण अकराला जाग येते ती येतेच. दोन वर्षं झाली, सवय का होत नाही?

सवय होत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. रात्री ९-१० च्या सुमारास झोपेचं संप्रेरक वाढू लागतं, पहाटे ४-५ ला अंगाचं तापमान सर्वांत खाली असतं आणि सकाळी ते चढू लागतं. म्हणजे तुम्ही पांघरूण घेता तेव्हा शरीर उठायच्या तयारीत असतं. सहा रात्रींत हे घड्याळ थोडंसं सरकतं, आणि सुट्टीचा एक दिवस ते परत मागे आणतो.

म्हणून झोप दोन तुकड्यांत घ्या. कंपनीच्या बसमध्ये बसल्याबरोबर काळा गॉगल लावा (स्वतः गाडी चालवत असाल तर नको, त्याने पेंग वाढते). घरी थोडंसं खाऊन साडेसातच्या आत आडवे व्हा. खिडकीला साध्या पडद्याऐवजी जाड काळं कापड लावा आणि त्याच्या कडा भिंतीला चिकटवा, कारण उजेड फटीतूनच येतो. दाराची बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत, पंखा मोठा: त्याच्या घरघरीत कुकरची शिट्टी दबते. दुसरा तुकडा संध्याकाळी साडेसहा ते आठ. शेवटचा चहा रात्री २ च्या आत घ्या, कारण त्यातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही रक्तात असतं. सुट्टीच्या वेळेत कंपनी परवानगी देत असेल तर २० मिनिटं डोळे मिटा. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. उठल्यावर तोंड धुऊन, पंधरा मिनिटं जाऊ देऊन मगच मशीनवर हात घाला.

खरी चूक पाळीच्या क्रमात आहे. पहिली-तिसरी-दुसरी हा उलटा फेरा झाला. बहुतेकांचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. पहिली-दुसरी-तिसरी असा क्रम युनियनकडे मागा. फक्त एक काळजी घ्या. शनिवारची तिसरी रविवारी सकाळी ६ ला सुटते आणि सोमवारी ६ ला पहिली सुरू होते. रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून सलग चोवीस तास, एवढंच कायदा म्हणतो, म्हणजे कागदोपत्री सुट्टी मिळते आणि रात्रीची झोप मिळते एकच. तिसरीचा आठवडा रविवारी रात्री सुरू करून शनिवारी सकाळी संपवला तर दोन रात्री मिळतात.

वडील ५८ वर्षांचे, ठाण्याला सोसायटीत रात्री ८ ते सकाळी ८ वॉचमन. साखरेची गोळी सकाळी घेतात, पोहे खातात आणि दुपारी ३ पर्यंत झोपतात. कधी कधी घामाघूम होऊन, थरथरत उठतात.

हे साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. त्याच वेळी ग्लुकोमीटरने मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग जेवायला द्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेणारी गोळी, वर सहा-सात तास पोटात काही नाही, यातून हे होतं. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नका. एका कागदावर त्यांचे चोवीस तास लिहा: जेवण, गोळी, झोप, घाम आला ती वेळ. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. ‘सकाळी, नाश्त्यानंतर’ हे चिठ्ठीवरचे शब्द रात्री झोपणाऱ्यासाठी लिहिलेले असतात.

मुख्य जेवण ७ ला, ड्युटीआधी. मध्यरात्रीनंतर इन्सुलिनचा असर कमी होतो, त्यामुळे तोच भात रात्री १ ला साखर जास्त चढवतो. डब्यात उसळ-पोळी, पुढे मूठभर फुटाणे, ताक. आणि बारा तासांची रोजची रात्र ५८ व्या वर्षी फार आहे. सोसायटीने आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात, हे सभेत जरूर मांडा.

कोल्हापूरला नर्स आहे, दहा वर्षं नाईट. कर्करोग होतो म्हणतात, खरं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्ककारक’ गटात ठेवलं. पुरावा किती पक्का, एवढंच हा गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही. लाल मांसही त्याच गटात आहे. तरी बाब गंभीर आहेच: डेन्मार्कने वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना नुकसानभरपाई दिली. तुम्ही सलग तीनपेक्षा जास्त नाईट मागू नका, त्यानंतर दोन दिवस सुट्टी घ्या. तिशीनंतर स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती करून घ्या. रक्तदाब आणि साखर दरवर्षी बघा. रात्रपाळीवाल्यांत त्या तक्रारी जास्त आढळतात.

सकाळी मोटरसायकलवर परतताना डुलकी येते. गाणी लावतो. चालेल?

नाही. दुपारी १ ला उठलेला माणूस सकाळी ६ ला सतरा तास जागा असतो. तेव्हा त्याचा हात-डोळा रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चालतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० आहे. मागचा एक किलोमीटर आठवत नसेल तर गाडी बाजूला घ्या. निघण्याआधी कँटीनमध्ये चहा प्या आणि लगेच बाकावर २० मिनिटं पडा. चहा चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठाल तेव्हा दोन्ही मदतीला असतात. तेवढा वेळही नसेल तर गाडी गेटवर ठेवून बसने जा.